खुर्चीच्या पाठीवरचा हात

माडीचं संग्रहालय झाल्याची बातमी आप्पांनी साताऱ्यात न्हाव्याच्या दुकानात वाचली. दाढी झाल्यावर पेपरचं ते पान मागून घेऊन ते घरी आले आणि मी गवार मोडत बसले होते तिथं माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "वाच. मोठ्यानं वाच."

बातमी चार-सहा ओळींची होती. कृष्णाकाठच्या त्या ऐतिहासिक वास्तूची एका न्यासानं दुरुस्ती केली आहे, थोरल्यांच्या वापरातल्या वस्तू मांडल्या आहेत, पाहायला सर्वांना खुलं आहे, सोमवारी बंद.

"पुढं?" आप्पा म्हणाले.

"पुढं काही नाही. संपली बातमी."

"पणजोबांचं काय?"

"काही नाही."

आप्पांनी पान परत घेतलं, चष्मा लावून स्वतः एकदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्याला त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण एखादी गोष्ट मनात धरली की त्यांची पाठ अजून ताठ व्हायची. तशी ती झालेली मला दिसली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या कामावर होते, त्यामुळे दिवसभर ते एकटे असत आणि एकट्यानं विचार करून संध्याकाळी मला निर्णय सांगत. त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं, "पुढच्या रविवारी जायचं. मिरजेला आक्काला फोन लावून ये."

माडी म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावातलं एक घर. गावात एके काळी तेवढंच एक दुमजली होतं, म्हणून ते माडी. त्याचे मालक लहानसे जहागीरदार होते. त्यांना गाव थोरले म्हणायचं, आणि आमच्या घरातही त्यांचं दुसरं नाव मी कधी ऐकलं नाही. सत्तावनच्या बंडातली माणसं त्यांनी माडीत लपवली असा इंग्रजांनी आरोप ठेवला, जहागीर काढून घेतली आणि त्यांना ब्रह्मदेशातल्या एका बंदराच्या गावी हद्दपार केलं. तिथून ते परत आले नाहीत. त्यांच्या अस्थी आल्या.

त्या अस्थी आप्पांच्या पणजोबांनी आणल्या, एवढं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. थोरल्यांबरोबर चार-पाच माणसं न्यायची परवानगी मिळाली होती, त्यात घोड्याची निगा राखणारा म्हणून महारवाड्यातला हा वीस-बावीस वर्षांचा माणूस गेला. तिथं घोडा नव्हताच. बरोबरचा आचारी पहिल्या पावसाळ्यातच तापानं खचून परत फिरला, दोघं तिकडंच मेले, एकजण कुठं गेला ते कळलं नाही. शेवटी थोरले आणि हा, असे दोघंच उरले. पुढची सगळी वर्षं भात यानं शिजवला आणि थोरल्यांनी खाल्ला. थोरले गेले तेव्हा आजूबाजूला आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं, तेव्हा अग्नीही यानंच दिला. मग अस्थी एका गडव्यात घालून, तोंडाला फडकं बांधून, तो जहाजानं मुंबईला आणि तिथून चालत गावी आला.

इथपर्यंत आप्पा आणि आत्तीची गोष्ट सारखी होती. आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण, ते तिला आक्का म्हणायचे. दोघांनी ती एकाच तोंडून, त्यांच्या आजीकडून ऐकलेली. आजी त्या पणजोबांची सून. पण पुढं दोघांची गोष्ट फुटायची. आप्पांच्या गोष्टीत सगळं गाव वेशीवर सामोरं आलं, हलगी वाजली, पाटलानं त्याला पागोटं दिलं. आत्तीच्या गोष्टीत हलगी नव्हती. तिच्या गोष्टीत गावानं त्याला वेशीच्या बाहेर थांबवलं, गडवा खाली ठेवून वीस पावलं मागं सरायला सांगितलं, मग लांबून गडव्यावर पाणी ओतलं आणि कुणीतरी तो उचलून नदीवर नेला. विसर्जनाला त्याला काठावर येऊ दिलं नाही. तो वेशीबाहेरच्या चिंचेखाली बसून राहिला.

लहानपणी मला वाटायचं की ह्या दोन वेगळ्या माणसांच्या गोष्टी आहेत.

मी कोपऱ्यावरच्या बूथमधून मिरजेला फोन लावला. आत्ती तिथल्या दवाखान्यात नर्स होती, निवृत्त झाल्यावरही दवाखान्याजवळच एका खोलीत राहायची. लग्न केलं नव्हतं. मी तिला निरोप सांगितला.

"त्याला म्हणावं, तिथं काय बघायचं हाय?"

"आप्पा म्हणतात, पणजोबांचं नाव लावायला सांगायचं."

"कुणाच्या नावाखाली? थोरल्यांच्या?" ती म्हणाली. "मी येणार न्हाई. आपण त्या वेशीतनं भाईर पडलोय ते पडलोय."

रविवारी ती इस्लामपूरच्या स्टँडवर आमच्या आधी येऊन बसली होती. पांढरी सुती साडी, काखेत पर्स, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पाण्याची बाटली. आप्पांनी तिला पाहिलं आणि जाऊन तिच्या शेजारी बसले. हिवाळ्याचे दिवस होते. कारखाने सुरू झालेले, त्यामुळे उसाच्या गाड्यांमागून आमची एस. टी. रांगत चालली होती. आप्पांनी कोट घातला होता. पदकं लावली नव्हती, पण कोटाच्या खिशात ठेवली असावीत, कारण बसला खड्डा लागला की तिथं बारीक वाजायचं.

गाव माझ्या फारसं ओळखीचं नव्हतं. आमची वस्ती आता पक्क्या घरांची झाली होती, कमानीवर निळा रंग होता, एक-दोन म्हाताऱ्या माणसांनी आप्पांना ओळखलं. आमचं घर छप्पन्न साली बौद्ध झालं तेव्हा आप्पा सरहद्दीवर होते आणि आत्ती मिरजेला शिकत होती. त्यानंतर दोघंही गावात कधी मुक्कामाला राहिले नाहीत. लग्नाकार्याला यायचं आणि शेवटच्या गाडीनं परतायचं. माडीत मात्र दोघांपैकी कुणीच कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "काम कधी पडलं नाही."

माडी नदीकडच्या अंगाला होती. नुकता चुना दिलेला, लाकडाला तेलपाणी झालेलं, दाराशी पितळी पाटी. बाहेर चपला काढायची सूचना होती. आत्तीनं चपला काढल्या नाहीत. मग त्या सूचनेकडं पुन्हा एकदा बघितलं, सगळ्यांसाठीच आहे अशी खात्री करून घेतली आणि काढल्या.

आत एक उंच, वाळक्या अंगाचे गृहस्थ टेबलाशी बसले होते. थोरल्यांच्या मुलीच्या वंशातले. शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले आणि आता बायकोसह माडीच्या मागच्या दोन खोल्यांत राहून संग्रहालय सांभाळणारे. त्यांनी आम्हाला या म्हटलं, कुठून आलात विचारलं. साताऱ्याहून, असं आप्पांनी सांगितलं. मग त्यांनी आडनाव विचारलं. आप्पांनी सांगितलं.

"म्हणजे इथलेच," मास्तर म्हणाले.

"इथलेच," आप्पा म्हणाले.

मग मास्तर किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठले आणि म्हणाले, "चला, दाखवतो."

खालच्या दालनात तलवारी, एक पालखी, जात्यासारखा मोठा खल आणि थोरल्यांची दौत होती. मला त्यातलं फार काही आठवत नाही. आठवतो तो नकाशा. हद्दपारीची वाट कुणीतरी तैलरंगात भिंतीवर काढली होती. माझं कामच ते असल्यामुळे मी जवळ जाऊन पाहिलं. प्रमाण दिलं नव्हतं. लाल रेघेवर साताऱ्यानंतरचा मुक्काम म्हणून खंडाळ्याचं जे टिंब होतं ते आपल्या खंबाटकीपलीकडच्या खंडाळ्याचं हवं होतं, पण काढणाऱ्यानं ते पुण्याच्याही पुढं, बोरघाटात नेऊन ठेवलं होतं. मुंबईपासून पुढची रेघ समुद्रातून जाताना लंकेच्या पोटातून आरपार गेली होती. मी हे कुणाला बोलले नाही. परतीची रेघ मात्र नकाशात नव्हती. ज्या वाटेनं अस्थी आल्या ती वाट काढायची राहिली होती, की काढायची असते हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, ते मला सांगता येणार नाही.

वरच्या मजल्यावर थोरल्यांची खोली होती. तिथं मधल्या भिंतीवर त्यांचा मोठा फोटो लावलेला होता, ब्रह्मदेशात काढलेला. वेताच्या खुर्चीत बसलेला, गालफडं बसलेला माणूस. अंगात अंगरखा, डोक्याला पगडी, आणि पाय उघडे. खाली पुठ्ठ्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: "परमुलखातही त्यांनी अखेरपर्यंत सोवळ्याचे आचरण सोडले नाही. त्यांच्या अस्थी कृष्णेत विसर्जित करण्यात आल्या."

आप्पांनी ते दोनदा वाचलं. आत्ती फोटोसमोर उभी होती. ती म्हणाली, "हा हात कुणाचा?"

तोपर्यंत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. थोरल्यांच्या डाव्या खांद्यामागं, खुर्चीच्या पाठीवर एक हात होता. मनगटापर्यंत. पुढं फोटोची चौकट.

"मागं कुणी सेवक उभा असेल," मास्तर म्हणाले. "सांगलीच्या स्टुडिओत मोठा करून घेतला, तेव्हा कडेचा भाग गेला."

आप्पांनी घसा साफ केला. प्रवासात त्यांनी जे पाठ करून ठेवलं असणार ते त्यांनी उभ्या उभ्या, हात मांड्यांशी सरळ धरून सांगितलं. पणजोबा कोण, बरोबर कसे गेले, आचारी कसा परतला, भात कुणी शिजवला, अग्नी कुणी दिला, अस्थी कुणी आणल्या. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाले, "तुमच्या पाटीवर 'विसर्जित करण्यात आल्या' असं लिहिलंय. कुणी आणल्या ते लिहिलेलं न्हाई. आमची तेवढीच विनंती हाय, साहेब."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "आमच्या घरात असं सांगतात की एक गोसावी घेऊन आला," ते म्हणाले.

"गोसावी कशाला येतोय ब्रह्मदेशातनं?" आत्ती म्हणाली.

"तसं मीही माझ्या वडिलांना विचारलं होतं," मास्तर म्हणाले. "त्यांनी उत्तर दिलं नाही. आमच्या घरात त्या भाताबद्दल बोलत नाहीत. म्हणजे, कुणी शिजवला याबद्दल." ते खाली बघत होते. मग म्हणाले, "थांबा जरा."

ते खाली गेले. जिन्यावरून त्यांची पावलं उतरताना आणि बऱ्याच वेळानं चढताना ऐकू आली. परत आले तेव्हा त्यांच्या हातात मऊ कापडात गुंडाळलेला एक छोटा फोटो होता, तळहातात मावेल एवढा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. भिंतीवरच्या फोटोचा हा मूळ. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन आप्पांच्या हातात दिला.

त्यात खुर्ची होती, थोरले होते आणि मागं तो उभा होता. पूर्ण. चाळिशीतला असेल. डोक्याला फडकं बांधलेलं, कमरेला ब्रह्मी माणसं नेसतात तसं लुंगीसारखं वस्त्र, एक खांदा थोडा वर. एक हात खुर्चीच्या पाठीवर आणि दुसरा बाजूला सोडलेला. दोघंही कॅमेऱ्याकडं बघत होते. दोघांनाही तो कॅमेरा फारसा आवडलेला दिसत नव्हता.

आप्पा किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मग त्यांनी तो बहिणीच्या हातात दिला. तिनं चष्मा वर करून, फोटो डोळ्यांशी नेऊन बघितला. मला वाटलं, आता ती म्हणेल की नाक आमच्या घरचं आहे, कपाळ आप्पांसारखं आहे. दुसरं कुणी असतं तर तसंच म्हणालं असतं.

"कुणासारखाबी दिसत न्हाई," ती म्हणाली. "पण घोट्याला सूज हाय बघ त्याच्या. लय चाललेल्या माणसाचे पाय हायत."

मी पाहिलं. मला सूज दिसली नाही. पण तिनं आयुष्यभर लोकांचे पायच बघितले होते.

मास्तरांच्या बायकोनं खालून हाक मारली, चहा झाला म्हणून. मागच्या पडवीत सतरंजी टाकली होती. ट्रेमध्ये चार कप होते, निळ्या फुलांचे. पाचवा कप त्यांच्या बायकोनं नंतर आणला, तो बिनफुलाचा पांढरा होता आणि तो मास्तरांनी स्वतः उचलला. आत्तीनं हे पाहिलं, मी तिला पाहताना पाहिलं. बोलणं पुढं चाललं.

"न्यासाची बैठक दोन महिन्यांतून होते," मास्तर म्हणाले. "मी हा विषय ठेवतो. फोटो पूर्ण करून लावायला कुणाची हरकत नसावी. खाली काय लिहायचं ते मात्र ठरवावं लागेल. त्यांचं नाव काय?"

आप्पांनी नाव सांगितलं.

"ते त्याच्या भावाचं," आत्ती म्हणाली.

"आक्का, भावाचं दुसरं होतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"आज्जीनं."

"आज्जीनं कवा त्याचं नाव घेतलं रं? ती सून त्याची. जन्मात सासऱ्याचं नाव घेतलं न्हाई तिनं. मामंजी, मामंजी. मामंजी आलं, मामंजींनी गडवा ठेवला, मामंजी चिंचेखाली बसलं. आठव की."

आप्पा आठवायला लागले. त्यांचा चेहरा मी बघत होते. लष्करातल्या माणसाला नाव, नंबर, पलटण सांगता आली नाही की त्याला कसं वाटत असेल ते मला त्या वेळी कळलं. त्यांनी आणखी एक नाव घेतलं, मग स्वतःच मान हलवली. वडिलांच्या तोंडून कधी ऐकलं का? वडील त्यांच्या ह्या आजोबांबद्दल बोलतच नसत. चुलते गेले. गावात विचारावं तर वस्तीत आता तेवढा म्हातारा कुणी उरला नव्हता. आणि आपण ज्याचं नाव लावायला सांगायला आलो त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट त्या पडवीत सगळ्यांच्या मध्ये येऊन बसली.

"आमच्याकडं तरी कुठं आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी ते सावरून घेण्यासाठी म्हटलं असावं, पण ते खरं होतं.

"मग सेवक लिहा," आप्पा म्हणाले. "निष्ठावंत सेवक."

"सेवक न्हाई," आत्ती म्हणाली. "सेवकाला कुणीतरी मुशारा देतं. थोरल्यांकडं सोताला खायला नव्हतं. ह्यो तिथल्या धक्क्यावर गोण्या उचलायचा आणि त्यातनं दोघांचा तांदूळ आणायचा. हे आज्जीनं तुलाबी सांगितलंय." मग ती मास्तरांकडं वळली. "आणि आवं मास्तर, लिहायचंच असंल तर पुढचंबी लिहा. वेशीभाईर थांबवला ते. पाणी ओतलं ते."

"आक्का," आप्पा म्हणाले.

"काय आक्का? हलगी वाजली न्हाई. तुला माहीत हाय वाजली न्हाई ते. आज्जी तुला हलगी सांगायची, कारण तू रडायचास."

आप्पांनी कप खाली ठेवला. मला त्यांच्याकडं बघवलं नाही म्हणून मी अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडं बघत राहिले. मास्तरांची बायको आत निघून गेली. बऱ्याच वेळानं आप्पा म्हणाले, "असंल."

मास्तर म्हणाले, "मी खरं सांगू का बाई? तुम्ही म्हणता ते मी लिहून ठेवू शकतो. उद्या लावूही शकतो. पण ते भिंतीवर टिकणार नाही. बैठकीला सात माणसं येतात, त्यातली तिघं गावची आहेत. मी एकटा आहे."

"तुमचं काय मत हाय ते सांगा. सात जणांचं ऱ्हाऊ द्या."

"मला वाटतं, तुम्ही म्हणता तसंच झालं असणार," ते म्हणाले. "दुसरं होण्यासारखं काही नव्हतं तेव्हा."

आत्तीनं मान हलवली आणि उरलेला चहा पिऊन टाकला. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

परत येताना एस. टी.त दोघं शेजारी बसले, मी मागच्या बाकावर. बराच रस्ता गेल्यावर आत्ती म्हणाली, "आपले कप सारखेच होते. फुलं नसलेला त्यानं सोता घेतला."

"बघितलं मी," आप्पा म्हणाले.

पुढचा हिवाळा आला तेव्हा मास्तरांचा निरोप आला की फोटो लागला आहे, येऊन बघून जा. मधल्या काळात आप्पा नाव शोधत राहिले. साताऱ्यातल्या, कऱ्हाडातल्या नात्यागोत्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडं ते जात आणि संध्याकाळी मला सांगत, "न्हाई." पुढं पुढं ते सांगायचेही बंद झाले. हलगीची गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही, ना माझ्यासमोर ना कुणा पाहुण्यासमोर. ती त्यांनी इतकी वर्षं खरीच धरली होती, की ती आपल्याला समजूत घालायला सांगितलेली आहे हे आतून ठाऊक होतं, हे मी त्यांना विचारलं नाही.

त्या खेपेला आत्ती थेट गावात येऊन थांबली होती. आम्ही वर गेलो. भिंतीवर नवा फोटो होता, पहिल्याहून रुंद. थोरले आता मध्यभागी राहिले नव्हते, थोडे एका बाजूला सरकले होते आणि दुसऱ्या बाजूला तो, पायांपासून डोक्यापर्यंत. खाली पुठ्ठा होता: "ब्रह्मदेशात थोरले. मागे उभे असलेले, अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिलेले व त्यांच्या अस्थी गावी आणणारे गृहस्थ."

"गृहस्थ," आत्तीनं वाचलं.

"बैठकीत दोन तास त्या एका शब्दावर गेले," मास्तर म्हणाले. "सेवक नको, तर मग काय? शेवटी कुणालाच दुसरा सुचला नाही."

सोवळ्याची पाटी तशीच होती, फक्त नव्या फोटोला जागा करण्यासाठी ती जरा खाली सरकवली होती. आत्तीनं तीही वाचली. मग ती हसली, तोंडावर पदर न घेता, चांगली मोठ्यानं. मास्तर ओशाळले, पण तेही हसले. आप्पा हसले नाहीत. ते कोटाची बटणं लावून फोटोसमोर ताठ उभे राहिले आणि मला क्षणभर वाटलं की ते सलामी देणार. त्यांनी दिली नाही. हात नुसते मांडीशी घट्ट धरले.

तेवढ्यात खाली गलका झाला. वाईच्या एका शाळेची सहल आली होती. मुलं-मुली जिन्यावरून धडधडत वर आली, खोली भरून गेली, त्यांच्या मागून घामाघूम झालेले एक शिक्षक. मास्तर नेहमीचं सांगायला लागले, थोरल्यांचा जन्म, जहागीर, बंड, हद्दपारी. पुढं उभ्या असलेल्या एका दोन वेण्यांच्या मुलीनं मधेच विचारलं, "आणि हे मागचे कोण?"

मास्तर थांबले. त्यांनी आत्तीकडं पाहिलं. आणि मग भिंतीपासून दोन पावलं बाजूला सरले.

आत्ती पुढं झाली. दवाखान्यात ती नव्या पोरींना शिकवायची त्या आवाजात, शक्य तेवढ्या शुद्ध भाषेत तिनं सांगायला सुरुवात केली. घोडा नसलेला घोडेवाला. आचारी. धक्क्यावरच्या गोण्या. भात. मुलं भाताला हसली. मग अग्नी, गडवा, जहाज. मुंबईहून चालत. वेशीपर्यंत आली तेव्हा तिची भाषा आपोआप गावची झाली. "तितं त्याला थांबीवला," ती म्हणाली. "म्हणाले, ठेव खाली आणि मागं सर."

"का?" त्याच मुलीनं विचारलं.

आत्तीनं सांगितलं का. सरळ सांगितलं, शब्द न चोरता, कुणावर न चिडता. कुठल्या आजाराची लक्षणं सांगावीत तसं. सहलीच्या शिक्षकांनी घड्याळात बघितलं, मग मास्तरांकडं बघितलं. मास्तर किल्ल्यांचा जुडगा दोन्ही हातांत धरून उभे होते, वाजू नये म्हणून. त्यांनी तिला थांबवलं नाही.

"मग ते कुठं गेले?" मागून एका मुलानं विचारलं.

"घरी गेला," आप्पा म्हणाले.

सगळ्यांनी वळून आप्पांकडं पाहिलं. मीही पाहिलं. "संध्याकाळपर्यंत चिंचेखाली बसला," ते म्हणाले. "मग घरी गेला. त्याची आई जिवंत होती. तिनं त्याला वळखला न्हाई. त्यानं सांगितलं, मी हाय, तवा वळखला."

हे मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. आत्तीनंही ऐकलं नसावं, कारण ती भावाकडं तोंड उघडं टाकून बघत होती.

खाली सहलीच्या गाडीचा हॉर्न वाजला. शिक्षकांनी रांग करायला सांगितलं आणि मुलं उतरली, जाताना एक-दोघांनी आत्तीला नमस्कार केला. खोली रिकामी झाली. आत्ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली, पिशवीतून बाटली काढून घटाघटा पाणी प्यायली आणि तोंड पुसून आप्पांना म्हणाली, "आईचं तुला कुणी सांगितलं रं?"

"आज्जीनंच," आप्पा म्हणाले. "तुला न्हाई सांगितलं?"